पाऊस जोरात लागला की नाहणीतून पाणी वर येतंय (तळमजला, कोथरूड, पुणे). नक्की काय तपासायचं?

तळमजलावाली
सोमवार, रात्री १०:४०

मंडळी जरा मदत करा, डोकं चालेनासं झालंय. आमची सोसायटी १९८७ ची, तळ अधिक तीन, १२ फ्लॅट, आम्ही तळमजल्यावर. लग्न होऊन या घरात आले त्याला ९ वर्षं झाली, एवढ्या वर्षांत हा प्रकार कधी बघितला नव्हता आणि या एका पावसाळ्यात तीनदा झाला.

पहिल्यांदा झालं तेव्हा रविवारची दुपार, बाहेर धो धो, सासूबाई बाथरूमच्या दारातून ओरडल्या अगं नळ चालू ठेवलास का, आणि नळ तर बंदच. नाहणीच्या जाळीतून पाणी वर येत होतं, उसळी वगैरे नाही, हळूहळू, दूध उतू जायच्या आधी चढतं ना तसं. त्याच्याबरोबर भाताची शितं, केसांचा गुंता आणि शाम्पूची एक निळी पुडी, जी आमच्या घरात कोणी वापरत नाही. म्हणजे वरच्यांचं पाणी आमच्याकडे. कमोडमधून बाहेर काही आलं नाही पण गुडगुड गुडगुड जोरात चालू होतं. पाऊस थांबल्यावर पाऊण तासात सगळं आपोआप उतरलं आणि खाली काळा चिकट गाळ राहिला, तो मी फिनेल टाकून घासला, दोन दिवस जेवण गेलं नाही.

प्लंबर बोलावला, त्याने नाहणीतून स्प्रिंग (चोकअप काढायची लांब लवचिक तार) मारली, १२०० घेतले, म्हणाला लाईन क्लिअर आहे ताई. पुढच्या मोठ्या पावसात परत तेच. दुसरा आला तो म्हणतो पूर्ण बाथरूम फोडून लेव्हल उचला, ८५ हजार. सेक्रेटरी म्हणतात तळमजला घेतला की हे असणारच आणि रस्त्यावरची लाईन तुंबली असेल त्याला सोसायटी काय करणार. वर आणखी ऐकवलं की मे महिन्यात पार्किंगला ट्रिमिक्स, म्हणजे गुळगुळीत काँक्रीटचा नवीन थर, करून घेतलं, आता आवारात एक थेंब साठत नाही, सोसायटीने आपलं काम केलंय. खरंय, पार्किंग एकदम चकाचक, सगळ्या पाण्याने आमच्याच बाथरूममध्ये यायचं ठरवलंय बहुतेक.

कुणी तरी एकदिशा व्हॉल्व्ह लावा म्हणालं. लावू का? का आधी अजून काही बघू?

वरचा_मजला
सोमवार, रात्री ११:०५

रात्री झोपताना नाहणीत अर्धा लिटर ॲसिड ओतून ठेवा, सकाळी दोन बादल्या गरम पाणी. आमच्याकडे दर महिन्याला करतो, एकदम मोकळं.

पाना_पकड
मंगळवार, सकाळी ७:१५

वरचा_मजला भाऊ कृपा करून असले सल्ले देऊ नका. मी २२ वर्षं प्लंबिंग करतोय, हाताला दोन डाग आहेत ते असल्याच ॲसिडचे आहेत, घरवाल्यांनी रात्री ओतलेलं आणि सकाळी मला सांगितलं नाही. त्यातून ताईंचा चोकअप नाहणीत नाहीचे मुळात. नाहणीत असता तर त्यांचंच आंघोळीचं पाणी तुंबलं असतं, वरच्यांची पुडी कशाला आली असती.

ताई, स्प्रिंगवाल्याने खोटं सांगितलं नाही, पण तुमच्या नाहणीपासून बाहेरच्या पहिल्या चेंबरपर्यंतच (ड्रेनेज लाईनवरचा झाकणाचा खड्डा) तो गेला असणार, साधी स्प्रिंग काय २०-२५ फूट. तेवढी लाईन क्लिअर असेलच. गडबड त्याच्या पुढे आहे. आणि ८५ हजारवाल्याला सध्या फोन करू नका, पाणी नाहणीतून नाही तर कमोडमधून येईल, नुसती जागा बदलेल.

मला एकच सांगा, पाऊस नसताना सकाळी ७ ते ८, म्हणजे बारा घरांच्या आंघोळी, वॉशिंग मशीन, सगळं एकदम चालू असतं तेव्हा नाहणीत काही होतं का? तेव्हा पण वर येत असेल तर सरळ चोकअप. फक्त पावसातच येत असेल तर पावसाचं पाणी तुमच्या ड्रेनेजमध्ये कुठून तरी घुसतंय, आणि ते शोधायचं. ह्या दोन वेगळ्या केस आहेत.

मुठाकाठ
मंगळवार, सकाळी ९:३०

आमची तिसरी केस आहे तीही सांगून ठेवतो. आम्ही सिंहगड रोडला नदीच्या बाजूला. आमच्याकडे पावसाचा आणि पाण्याचा वेळ जुळायचाच नाही. शहरात ऊन पडलेलं असायचं आणि नाहणी भरायची. नंतर लक्षात आलं की खडकवासला धरणाचा विसर्ग वाढवला आणि मुठेवरचा सखल भिडे पूल पाण्याखाली गेल्याची बातमी आली की काही तासांत आमच्याकडे गुडगुड सुरू. नदीची पातळी वर आली की सखल भागातल्या लाईनींना उतारच उरत नाही, पाणी पुढे जायचं कुठे, ते मागे सरकतं. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडच्याच एकता नगरीत पाणी शिरलं तेव्हा तर नाहणीबिहणी राहू द्या, दारातूनच आलं, ते प्रकरण वेगळं.

तुम्ही कोथरूडला चढावर असाल तर हे तुम्हाला लागू नाही. पण पाणी कधी येतं ती वेळ लिहून ठेवा, पाऊस किती वाजता लागला, पाणी किती वाजता वर आलं, कधी उतरलं. आम्ही फ्रिजवरच्या कॅलेंडरवर लिहायचो, दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी. त्यावरूनच उलगडा झाला.

ओव्हरसिअर_निवृत्त
मंगळवार, दुपारी ४:५०

तळमजलावाली ताई, आयुष्यभर ड्रेनेजच्या कामावर सुपरवायझर होतो म्हणून जरा लांब लिहितो, चहा घेऊन बसा.

नऊ वर्षं काही झालं नाही आणि या वर्षी तीनदा झालं, तर पहिला प्रश्न हा की गेल्या पावसाळ्यानंतर आवारात काय बदललं. तुम्ही जाता जाता लिहिलंयत, मे मध्ये ट्रिमिक्स. माझा संशय तिथे. का ते सांगतो.

जुन्या बिल्डिंगमध्ये बाथरूमच्या भिंतीला लागून बाहेर एक छोटा चौकोनी खड्डा असतो, वर लोखंडी जाळी, त्याला गल्ली ट्रॅप म्हणतात. बाथरूमचं आणि मोरीचं पाणी आधी त्यात पडतं आणि मग चेंबरला जातं, संडासची लाईन मात्र थेट चेंबरला. लोकांना वाटतं ती जाळी वास मारायलाच ठेवलीय. तिचं खरं काम संकटात असतं. ती घरातल्या नाहणीपेक्षा खाली बसवलेली असते, साधारण वीतभर. पुढची लाईन भरली की पाणी सगळ्यात खालचं तोंड शोधतं, ते तोंड ही जाळी. म्हणजे घाण पाणी पार्किंगमध्ये येतं, घरात येत नाही. आता ट्रिमिक्स करताना चार-पाच इंच काँक्रीट चढलं, जाळी त्याच्याखाली गेली किंवा कुणी फरशी ठेवून बंद केली, तर पुढचं सगळ्यात खालचं तोंड कुठलं? तुमची नाहणी. कमोडचा काठ त्याहून फूटभर वर, म्हणून तिथे नुसती कोंडलेली हवा गुडगुडते आणि पाणी नाहणीतून येतं. तुमचं वर्णन याच्याशी तंतोतंत जुळतंय.

पण यामुळे पाणी घरात का आलं एवढंच कळतं. मुळात लाईन का भरते, ते वेगळं शोधायचं. त्यासाठी चेंबरं उघडायची, आणि भर पावसात उघडायची, ऊन असताना उघडून काही कळत नाही. तुमच्या बाथरूमपासून सुरू करा आणि गेटकडे जा. पहिलं भरलेलं, दुसरं भरलेलं, तिसरं जवळजवळ कोरडं, तर अडथळा दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये. गेटजवळचं शेवटचं चेंबरसुद्धा काठोकाठ असेल तर मात्र रस्त्यावरची लाईन भरलीय, तुमच्या आवारात कितीही खोदा उपयोग नाही, क्षेत्रीय कार्यालयात तक्रार द्यायची, ते जेटिंगची गाडी (जोराच्या पाण्याने लाईन साफ करणारी) पाठवतात. सेक्रेटरी साहेब न बघता जे बोलले ते खरं की खोटं हे ते एक झाकण उचलून दोन मिनिटांत ठरेल.

दुसरी तपासणी रात्री दोनची. कोणी पाणी वापरत नाही अशा वेळी चेंबरमध्ये धार वाहत असेल तर बघा कशी आहे. स्वच्छ, वास नसलेली धार असेल तर एक तर कुणाची टाकी ओव्हरफ्लो होऊन तिकडे जातेय, नाही तर जमिनीतलं पाणी पाइपात शिरतंय. १९८७ म्हणजे चिनी मातीचे पाइप असणार, दोन-दोन फुटांवर सांधे. काळ्या मातीत टाकलेले असले की उन्हाळ्यात माती भेगाळते, पावसात फुगते, सांधे हलतात. तसं असेल तर पाऊस थांबून दोन-तीन दिवस झाले तरी धार चालू राहते. तुमचं पाऊण तासात उतरतं, म्हणून मला ते कारण वाटत नाही. एवढ्या पटकन भरतं आणि उतरतं ते गच्चीचं पाणी.

गच्चीचा हिशेब करून बघा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. तुमची गच्ची समजा २५०० चौरस फूट, म्हणजे २३० चौरस मीटरच्या आसपास. तासात ४० मिलिमीटर पडला तर ९ हजार लिटरच्या वर, जवळपास एक टँकर. तो पावसाळी गटारात किंवा उघड्यावर जायला हवा. ड्रेनेजच्या चेंबरमध्ये सोडला की झालं. कुठला पाइप कुठे जातो ते बघायला रंगपंचमीचा उरलेला हिरवा रंग घ्या, कोरड्या दिवशी गच्चीवर एकेका पाइपच्या तोंडात दोन बादल्या ओता, खाली एक माणूस उभा करा.

आणि दोन गोष्टी. चेंबरमध्ये वाकून तोंड घालू नका, आत कुणाला उतरवू तर अजिबात नका, ५०० रुपयांत उतरायला तयार होणारा माणूस मिळतो म्हणून सांगतोय. आत गॅस असतो, पहिल्या दोन श्वासांत माणूस आडवा होतो. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला गटार साफ करायला उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. झाकण उघडलं की तिथून कुणी हलायचं नाही, पावसात पाण्याखाली उघडं चेंबर दिसत नाही.

तळमजलावाली
मंगळवार, रात्री ९:२०

काका तुम्ही काय लिहिलंय, मी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. गल्ली ट्रॅपचं वाचल्यावर त्या लगेच म्हणाल्या, अगं होती की जाळी, मागच्या भिंतीला, दोन-तीन वर्षांनी एकदा मोठ्या पावसात तिच्यातून पाणी यायचं आणि पार्किंगमध्ये घाण व्हायची, त्यावरून मीटिंगमध्ये भांडणं झालेली. मी आत्ता टॉर्च घेऊन बघून आले. जाळी नाहीये. गुळगुळीत ट्रिमिक्स. भिंतीपासून हातभर अंतरावर एक चौकोन जरा फिकट दिसतोय तेवढाच.

पाना_पकड दादा, सकाळच्या वेळेत नाहणीतून वर येत नाही, पण तुम्ही विचारलंत म्हणून आज मुद्दाम बघितलं, साडेसातला आंघोळीचं पाणी नेहमीपेक्षा हळू उतरत होतं.

पाना_पकड
मंगळवार, रात्री ९:४५

मग थोडा थोडा दोन्हीचा मेळ आहे. काकांचा नंबर बरोबर लागणार असं दिसतंय.

पुढच्या पावसापर्यंत तात्पुरतं सांगतो. जाड प्लास्टिकची पिशवी घ्या, दोन पिशव्या एकात एक, निम्मी पाण्याने भरा, गाठ मारा, नाहणीच्या जाळीवर ठेवा. पाण्याची पिशवी जाळीच्या आकाराला बसते, विटेपेक्षा बरी. थोडं पाणी आवरतं, जोर जास्त असला तर बाजूने येणारच, पण शितं आणि पुड्या तरी येणार नाहीत. वॉशिंग मशीनचा प्लग काढून ठेवा आणि त्या वेळात स्वतःचं पाणी वापरू नका.

ओव्हरसिअर_निवृत्त
बुधवार, सकाळी ६:३०

व्हॉल्व्हचं राहिलं होतं. लावायचा तर फक्त तुमच्या तळमजल्याच्या स्वतंत्र लाईनला, आणि वरच्यांचं पाणी त्या लाईनला येत नसेल तरच. पुष्कळ ठिकाणी उत्साहाने बिल्डिंगच्या मुख्य लाईनला लावतात. मग होतं काय, बाहेरून पाणी आलं की झडप बंद, आणि वरच्या नऊ घरांचं पाणी आत येतच राहतं, त्याला बाहेर जायला वाट नाही, ते सगळं तळमजल्यातून निघतं. बाहेरचं बरं म्हणायची वेळ येते. शिवाय झडपेत एक केसांचा गुंता अडकला तरी ती पूर्ण मिटत नाही, दर मे महिन्यात साफ करावी लागते. आधी कारण काढा, मग गरज उरलीच तर बघू.

वरचा_मजला
बुधवार, सकाळी ८:१०

ॲसिडबद्दल माघार घेतो. आमच्या नाहणीची जाळी दर महिन्याला काळी का पडते ते कळलं.

गच्चीवर_मोगरा
बुधवार, दुपारी १२:००

एक छोटंसं, गच्चीवरच्या संडासच्या उभ्या पाइपचं टोक पण बघून घ्या, ज्याच्यावर टोपी असते तो. आमच्याकडे त्यात कबुतराने घरटं केलं होतं, हवा जायला वाट नाही म्हणून पाऊस असो नसो कमोड गुडगुडायचं आणि बाथरूमला वास. घरटं काढलं, जाळी बांधली, संपलं. ताईंचं कारण ते नसेल पण वर गेलाच आहात तर नजर टाका.

तळमजलावाली
पुढचा सोमवार, रात्री १०:१५

अपडेट. लांब आहे, माफ करा.

शनिवारी कोरडं होतं, नवरा गच्चीवर हिरवा रंग घेऊन आणि मी खाली. गच्चीचे पाइप तीन. दोन पुढच्या बाजूचे, त्यांचा रंग गेटजवळच्या पावसाळी गटारात गेला, बरोबर. तिसरा मागच्या बाजूचा, ओतून पाच मिनिटं झाली तरी कुठेच काही दिसेना, नवरा वरून ओरडतोय आला का, मी खालून नाही, सगळ्या गॅलऱ्यांमध्ये माणसं. शेवटी आमच्या बाथरूमजवळचं चेंबर उघडलं तर आत हिरवंगार. पूर्वी तो पाइप जमिनीपासून वीतभर वर उघडा सुटायचा आणि पाणी उताराने गेटकडे जायचं, सासूबाईंना पक्कं आठवतंय कारण त्या तिथे पायपुसणी धुवायच्या. ट्रिमिक्सच्या वेळी काँट्रॅक्टरने एक एल्बो (पाइपचा वळणाचा जोड) लावून तो चेंबरमध्ये खुपसला, नवीन काँक्रीटवर शेवाळ धरू नये म्हणून. चांगला हेतू होता म्हणे.

मग रविवारी संध्याकाळचा तो पाऊस. छत्री, पहार आणि नवरा असे तिघे आम्ही चेंबरं उघडत गेलो. आमच्याजवळचं भरलेलं. दुसरं भरलेलं. तिसरं सापडेना, ते ट्रिमिक्सखाली. चौथं, गेटजवळचं, त्यात तळाला पाण्याची बारीक धार, बाकी रिकामं. म्हणजे रस्त्यावरची लाईन एकदम ठीक होती. सेक्रेटरींना फोन करून खाली बोलावलं आणि ते झाकण दाखवलं, ते काही बोलले नाहीत, मोबाइलच्या उजेडात बराच वेळ बघत राहिले.

आज सकाळी तिसऱ्या चेंबरवरचं काँक्रीट कटरने कापलं. पाना_पकड दादा, तुम्हाला फोटो दाखवायला हवा होता. चेंबरच्या तळाला जी गोल पन्हाळ असते तिच्यात सिमेंटचा थर, अर्ध्याच्या वर भरलेला, टणक, त्यात गुटख्याच्या पुड्या आणि एक हातमोजा रुतलेला. ट्रिमिक्सचं जे राबडं पाणी निघतं ते सगळं मे मध्ये याच चेंबरमध्ये सोडलं होतं आणि तिथेच थिजलं. रोजचं पाणी त्याच्यावरून कसंबसं जायचं, म्हणून सकाळी हळू. गच्चीचं पाणी आलं की संपलं.

ओव्हरसिअर_निवृत्त
सोमवार, रात्री १०:५०

आता जुळलं. मलाही ते खटकत होतं, साफ ६ इंची लाईन, उतार बरा असेल तर एका पाइपचं गच्चीचं पाणी सहज गिळते. नुसत्या एल्बोने एवढं झालं नसतं आणि नुसत्या सिमेंटने पण नाही. आणि जाळी असती तर दोन्ही असूनही तुमच्या घरात आलं नसतं.

सिमेंट छिन्नी-हातोडीने वरून फोडून तुकडे बाहेर काढा, पुढे ढकलू देऊ नका, पुढच्या पाइपात अडकेल. चेंबर खोल असेल तर लांब छिन्नी वापरायला सांगा. नंतर चौथ्या चेंबरपर्यंत जेटिंग. तिसरा पाइप परत उघड्यावर. गल्ली ट्रॅप उघडून जाळी नवीन लेव्हलला आणायचा मोह होईल, करू नका, नाहणीपेक्षा खालीच राहिली पाहिजे, भोवती खळगा राहिला तरी चालेल. पारदर्शक पाइपात पाणी भरून लेव्हल धरा, नजरेने धरू नका.

तळमजलावाली
शुक्रवार, रात्री ११:५५

एल्बो काढला, सिमेंट तीन दिवस फोडत होते, एक गोणी भरली. जेटिंग अजून बाकी आहे, पाइपात आतपर्यंत किती गेलंय ते माहीत नाही. गल्ली ट्रॅप मात्र काल उघडला, जाळी नाहणीपेक्षा साडेचार इंच खाली बसली, पारदर्शक पाइपाने मोजून.

आत्ता दोन तास जोरदार पाऊस झाला. मी बाथरूमच्या दारात स्टूल टाकून बसले होते. पिशवी जागची हलली नाही, कमोड एकदाच गुडगुडलं आणि गप्प. सव्वाअकराला बाहेरून आवाज आला म्हणून बघितलं तर जाळीतून पाणी बाहेर येत होतं, फार नाही, पार्किंगमध्ये एक तळं, आणि त्याच्या मधोमध सेक्रेटरींची स्कूटर. त्यांनी स्वतःच आत्ता ग्रुपवर टाकलंय की जेटिंगची गाडी उद्या सकाळीच बोलवा.